परत आलेला बोकड

सन दोन हजार तेवीस. त्या साली अधिक महिना श्रावणाला चिकटून आला होता, आणि मटण खावं की नाही यावरून कंधार तालुक्यात घरोघरी वाद झाले. शेवटी अधिकाचा श्रावण हा काही खरा श्रावण नव्हे, खरा मागून येतोच आहे, असा सोयीचा निकाल लागला आणि जो तो जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावू लागला. तीन वर्षांतून एकदा येणारा हा मान. ताटात पुरणाचे धोंडे तर लागतातच, पण त्या भागात बोकड पडल्याशिवाय जावई पाटावरून खुशीने उठत नाही.

त्याच महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी कस्तुराबाईचा बोकड लातूरहून परत आला.

कस्तुराबाईचं वय सत्तरीला टेकलेलं. काळ्या उस्मानाबादी शेळ्या ती पस्तीस वर्षं पाळत आली होती. आसपासच्या पाच-सहा गावांतलं कुणी बोकड विकत घ्यायला निघालं, की आधी तो तिच्या ओट्यावर आणायचं. ती अंगठ्याने बोकडाचा खालचा ओठ दाबायची, एकदाच बघायची आणि सांगायची, "आदत हाय." म्हणजे दुधाचे दात अजून पडायचे आहेत, मांस कोवळं. नाहीतर म्हणायची, "दोन दात केलेत, वरीस उलटलं." तिने सांगितलं की विकणारा आणि घेणारा दोघेही मान हलवायचे. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला गावात एवढाच एक मान होता, आणि तो तिला कुणी ओटीत घातलेला नव्हता.

बोकड उतरवला तो तिच्या मुलानेच, सुदर्शनने. तो कंधार-लातूर जीप चालवायचा. जीप पारापाशी थांबली होती आणि पारावर दहा-बारा माणसं बसली होती.

"का रं? आजारी पडला का?" कस्तुराबाईने विचारलं.

"न्हाई. शेषेदादानं घेतला न्हाई."

"घेतला न्हाई म्हंजी?"

सुदर्शनने पारावरच्या माणसांकडे बघितलं. "घरी चल माय, सांगतो."

"हितंच सांग. बोकड हितं उतरवलास, बोलणंबी हितंच उतरव."

"आधीच्या तिन्ही बोकडांचं मटण चिवट निघालं म्हनला. जावयांनी ताटं तशीच सारली. म्हनला, मावशीनं म्हातारे बोकड आदत म्हणून दिले." तो थांबला. मग खाली बघत म्हणाला, "दात बघायला आधी डोळे लागतात, म्हनला."

पारावर कुणीतरी हसलं. कोण हसलं ते कस्तुराबाईने बघितलं नाही. बघितलं असतं तर त्याला ते फार दिवस पुरलं असतं. तिने बोकडाची दोरी हाताला गुंडाळली आणि गावाच्या मधल्या रस्त्याने त्याला घरी नेलं. विकलेलं जनावर परत येणं म्हणजे नांदायला गेलेली लेक दारात परत उभी राहण्यासारखं. दोन्ही बाजूंनी दारं उघडत होती.

आणि हे बोलणारा कोण, तर शेषेराव. तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. त्र्याण्णवच्या भूकंपात किल्लारीला बहीण आणि मेहुणा घराखाली गेले, तेव्हा हा बारा वर्षांचा पोर तेवढा अंगणात झोपला होता म्हणून वाचला. कस्तुराबाईने त्याला आणला, नऊ वर्षं सांभाळला, सुदर्शनच्या आधी त्याच्या पेल्यात दूध ओतलं. आता लातूरला गंजगोलाईच्या मागे त्याची खानावळ होती. तिथलं काळ्या मसाल्याचं मटण खायला लोक उदगीरहून यायचे, धोंड्याला जावयांनाही तिथेच जेवायला आणायचे. त्याच्या खानावळीत पहिल्या दिवसापासून बोकड जायचा तो कस्तुराबाईच्याच गोठ्यातला.

गोठ्यात बोकड बांधताना तिला कडब्याच्या गंजीमागे पिवळी पिशवी दिसली. रिकामी, चांगली घडी घालून ठेवलेली. वर शेळीचं चित्र.

"शिल्पा," तिने हाक मारली. आवाज चढवला नाही. सुनेला त्या न चढलेल्या आवाजाचीच भीती वाटायची.

शिल्पा पिठाचे हात घेऊन आली. पिशवी बघून तिथेच थांबली.

"काय हाय हे?"

"खुराक, आत्याबाई. मका, सरकीची पेंड, खनिज. पंचायतीत शेळीपालनाचं शिबिर झालं तवा साहेबांनी सांगितलं हुतं."

"किती दिवस घालून राहिलीस?"

"दोन महिने. रोज सकाळी, तुमी शेंगा आणाय गेल्यावर."

कस्तुराबाईच्या अंगाची लाही लाही झाली. तिचे बोकड बाभळीच्या शेंगांवर, तुरीच्या भुसकटावर आणि कडब्यावर वाढलेले असायचे, हे ती सगळ्या गिऱ्हाइकांना छाती ठोकून सांगायची. "मी रानोमाळ शेंगा येचीत फिरायची, आन तू मागं पिशवी सोडायचीस. पस्तीस वर्साचं नाव दोन महिन्यांत मातीत घातलंस. तुझ्या बापाच्या घरी शेळी हुती का कधी? कोंबडी तरी?"

शिल्पाने पिठाचे हात पदराला पुसले. "चारच बोकडांना घातलं. बाकीच्यांना न्हाई. कुणाचं वजन चढतंय ते बघायचं हुतं." तिने चुलीमागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे कोळशाने रेघा ओढलेल्या होत्या. "हेच चार लातूरला गेले."

"मंग झालंच की. चिवट निघणार न्हाई तर काय निघणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तुराबाईने परत आलेला बोकड जीपमध्ये चढवला. दुसरा एक चढवला, नुसत्या शेंगांवर वाढलेला, त्याच वेताचा. पिवळी पिशवी काखेत मारली.

"तूबी चल," ती सुनेला म्हणाली. "केलंस ते तोंडानं सांग."

शिल्पा दोन्ही दोऱ्या धरून मागच्या सीटवर बसली. अहमदपूरपर्यंत फक्त बोकड बोलले.

लातूरला आधी गाठलं ते पिशवी विकणाऱ्याला. गुरुपादप्पांचं पेंडीचं दुकान अडत बाजाराच्या तोंडाशी होतं. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि दुकानभर सरकीचा वास. कस्तुराबाईने रिकामी पिशवी त्यांच्या गादीवर टाकली.

"ह्यात काय घालता तुमी? मटणाचं चामडं व्हतंय."

गुरुपादप्पांनी चष्मा लावला, पिशवीवरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. मका, पेंड, भुसा, खनिज, मीठ. मग चष्मा काढला. "आव्वा, बसा. चहा घ्या. ह्यानं जनावर लवकर भरतं, अंगात थोडी चरबी धरतं. चरबी धरलेलं मटण मऊ लागतं, कडक न्हाई."

"तुमाला काय ठावं? तुमी तर खात न्हाई."

"मी खात न्हाई, पण खाणारे रोज हितं येऊन मला सांगतात. वीस वर्षं ऐकून राहिलोय. न खाता माझ्याएवढी मटणाची माहिती लातुरात कुणाला नसंल." ते हसले. ती हसली नाही, तसे त्यांनी उठून टोपी घातली. "चला, मीबी येतो. माझी पिशवी हाय, मलाबी बघू द्या."

शेषेरावच्या खानावळीत दुपारच्या जेवणाची तयारी चालली होती. मावशीला दारात बघून तो गल्ल्यावरून उठला, पाया पडायला वाकला. तिने पाय मागे घेतले.

"मुंड्या कुठं हायत?" तिने विचारलं.

"कसल्या मुंड्या?"

"तीन बोकड कापलेस न्हवं? तिघांच्या जबड्यात दात असतील. दाखव. माझे डोळे गेलेत, तुझ्या डोळ्यांनी मोज."

मुंड्या कधीच विकल्या गेल्या होत्या. शेषेराव सारवासारव करू लागला. "मावशी, मी रागात बोललो. पन मटण खरंच चिवट हुतं गं. उदगीरचे पाव्हणे हुते, दोन जावई, तीन व्याही. एका जावयानं तुकडा हाडासारखा ताटाच्या कडंला ठिवला. सासऱ्यानं माझ्याकडं बघितलं. कुठं तोंड लपवू?"

"मंग माझं तोंड पारावर उघडं केलंस."

तो उत्तर देणार तेवढ्यात तिची नजर मागच्या पडवीकडे गेली. पूर्वी तिथे आढ्याला लोखंडी आकडा होता. आता आकडा नव्हता. त्याखाली माणूस आडवा मावेल एवढी पांढरी पेटी घरघरत होती.

"हे काय?"

"डीप फ्रीझर." शेषेरावचा चेहरा जरा उजळला. "अधिकाच्या तोंडावर आणला. आता माशी बसायचं काम न्हाई. अधिकात सा-सात बोकड लागतात. पहाटं कापायचं, लगीच आत. लागंल तसं काढायचं."

"लगीच म्हंजी किती लगीच?"

चुलीपुढे मसाला परतणारी सरजाबाई, खानावळीची जुनी स्वयंपाकीण, वळूनही न बघता म्हणाली, "वाफ निघत असती तवाच. मी म्हनलं हुतं, हाताला गरम लागून राहिलंय, जरा थांबा. बायकांचं कोण ऐकतंय."

कस्तुराबाईने फ्रीझरचं झाकण उचललं. थंड वाफ तिच्या तोंडावर आली. आत मांड्या दगडासारख्या, पांढुरक्या, एकमेकींना चिकटलेल्या. कालपासून ज्या रागाला जागा मिळत नव्हती, त्याला आता जागा मिळाली.

"शेषा," ती म्हणाली. लहानपणीच्या नावाने तिने त्याला वर्षानुवर्षं हाक मारली नव्हती. "त्र्याण्णवला अधिक महिना हुता. भादव्याचा. माझ्या बापानं आमा दोघी बहिणींना, दोन्ही जावयांना धोंड्याला बोलावलं हुतं. आठवतंय?"

शेषेरावने मान हलवली.

"बोकड उजाडता कापला. मटण चुलीवर लगीच चढवलं का?"

"न्हाई."

"काय केलं?"

"गोठ्याच्या आढ्याला टांगलं. वर ओलं धोतर. मी खाली लिंबाचा डहाळा घेऊन माश्या हाकलीत हुतो. दिवसभर. हात भरून आले तर आईनं तिचा हात लावला."

"आन जेवण कवा झालं?"

"दिवस मावळायला."

"का? तुझा आजा येडा हुता म्हणून? जीव गेला तरी मांसाला ते लगीच कळत न्हाई. आधी ते ताठतं. ताठलेलं हळूहळू सैल पडतं. सैल पडू द्यावं लागतं. तू त्याला ताठायच्या आधीच बर्फात कोंबलंस. ते आखडून बसलं, आन तसंच ताटात आलं. बोकड म्हातारा नव्हता रं. तू त्याला मरायलाबी येळ दिला न्हाईस."

गुरुपादप्पांनी भिंतीकडे तोंड करून उपरण्याने कपाळ पुसलं. त्यांना कापाकापीचं बोलणं सोसत नव्हतं, पण जायचंही नव्हतं.

"हे तुझं म्हणणं झालं, मावशी," शेषेराव हट्टाने म्हणाला. "फ्रीझरवाल्याचं म्हणणं येगळं हाय."

"मंग म्हणणं नको. करून बघू."

दोन्ही बोकड दुसऱ्या दिवशी पहाटे कापले गेले. कापायच्या आधी तिने शेषेरावच्या अंगठ्याने दोघांचे ओठ दाबवले, दात मोजायला लावले. दोघेही आदत. खुराकाच्या बोकडाची एक मांडी तिच्यासमोर गरमगरम फ्रीझरमध्ये गेली. दुसरी मांडी, आणि शेंगांच्या बोकडाची एक, पडवीच्या वाऱ्याला टांगली, वर ओलं फडकं. खाली शेषेराव बसला. मालकाने हातात लिंबाचा डहाळा घेऊन माश्या हाकलायच्या, ही तिची अट. गिऱ्हाइकं येऊन बघून जात होती. एकाने विचारलं, "मालक, प्रमोशन झालं का?" शेषेरावने मान वर केली नाही. उन्हं कलल्यावर त्या दोन्ही मांड्या दुधा-दह्याच्या साध्या फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवल्या.

शेषेरावने घरी चला म्हणून हात जोडले. कस्तुराबाई आणि शिल्पा दोन्ही रात्री गुरुपादप्पांच्या घरी राहिल्या. त्यांच्या बायकोने, उमादेवींनी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक वाढलं. मटणाच्या गोष्टी करून दमलेल्या तोंडाला ते फार गोड लागलं.

सकाळी सरजाबाईने तिन्ही मांड्यांचं मटण तीन पातेल्यांत चढवलं. सारखा मसाला, सारखं पाणी, सारखा जाळ, सारखा वेळ. कस्तुराबाईने तिला पातेल्यांच्या कडीला तीन रंगांचे दोरे बांधायला सांगितले आणि स्वतः बाहेर जाऊन पाठ करून बसली. कुठला दोरा कशाचा ते एकट्या सरजाबाईला ठाऊक.

"चाखणार कोण?" शेषेरावने विचारलं.

"तू आन मी. माझ्या तोंडात खालचे चार दात उरलेत. मला चावलं तर ते मऊ. ह्याहून खरा न्याय लातुरात मिळायचा न्हाई."

लाल दोऱ्याच्या वाटीतला तुकडा तिने तोंडात घोळवला, घोळवला आणि काढून ठेवला. शेषेराव चावत राहिला. त्याच्या कानशिलाजवळची शीर हलत होती. चावता चावता त्याचा चेहरा उतरला, कारण हाच तो उदगीरच्या जावयाचा तुकडा होता. पांढऱ्या दोऱ्याची वाटी: तुकडा सुटला, हाडावरून सहज आला. कस्तुराबाईने मान हलवली. हिरव्या दोऱ्याची वाटी: तुकडा तिच्या जिभेवरच मोडला. तिने दुसरा घेतला. मग तिसरा.

"सांग," ती सरजाबाईला म्हणाली.

"लाल, फ्रीझरचं. पांढरं, शेंगांच्या बोकडाचं, टांगलेलं. हिरवं..." सरजाबाईने दाराशी उभ्या शिल्पाकडे बघितलं. "हिरवं खुराकाच्या बोकडाचं. टांगलेलं."

गुरुपादप्पांनी भिंतीकडून तोंड फिरवलं. काही बोलले नाहीत. चांगला माणूस होता.

कस्तुराबाईच्या हातात हिरवी वाटी तशीच राहिली. ती खरी ठरली होती, आणि तिचा राग जायला तयार नव्हता. शेषेरावसाठी गोळा केलेला होता तो सगळा, पण त्यातला निम्मा आता तिच्याकडेच परत आला होता, जीपमधून उतरवलेल्या बोकडासारखा. तुझ्या बापाच्या घरी शेळी होती का, असं ती बोलली होती. शिल्पाने भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून जे शोधलं होतं, ते खरं होतं.

शेषेराव तिच्या पायाशी बसला. "चुकलं मावशी."

"मटणाचं चुकलं. ते कुणाचंबी चुकतं. बोकड परत पाठवलास ते चुकलं नव्हतं, ते ठरवून केलंस. बोललास ते पारापर्यंत पोचलं. आता तुझ्या तोंडानं पारावर येऊन सांग."

"येतो. अधिक संपू दे. इतक्या गर्दीत खानावळ कशी सोडू?"

"माझी आब्रू न्यायला तुला गर्दी आडवी आली न्हाई."

ती उठली. जीपमध्ये बसताना तिने शिल्पाला पुढे, सुदर्शनच्या शेजारी बसवलं आणि स्वतः मागे बसली. अहमदपूर ओलांडल्यावर मागून म्हणाली, "ती पिशवी. किती लागंल बाकीच्यांना?"

शिल्पाने मागे न वळता सांगितलं, "रोज एकाला ओंजळभर. शेंगा हायतच."

"हाव," कस्तुराबाई म्हणाली. माफीचा शब्द तिच्या गळ्यापर्यंत आला होता. तो तिथून पुढे आला नाही.

शेषेराव अधिक संपल्यावर आला नाही. श्रावण गेला, गणपती गेले. दसऱ्यानंतर आला, सोबत मिठाईचा पुडा. पारावर तेव्हा दोनच म्हातारे बसले होते, त्यांतला एक बहिरा. त्या दोघांना सांगून तो घरी आला. कस्तुराबाईने त्याला चहा दिला, बहिणीचा मुलगा म्हणून. बोकड पुन्हा कधी दिला नाही. त्याने तो फ्रीझर आईसक्रीमवाल्याला विकला आणि पडवीत आकडा बसवला. खानावळ चालू आहे, पण उदगीरचे पाहुणे आता दुसरीकडे जेवतात.

सरजाबाईने त्याचं काम सोडलं. रेणापूरच्या रस्त्याला तिने पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं मटण सुरू केलं. तिच्याकडे संध्याकाळी चारच्या आधी ताट मिळत नाही, आणि लोक थांबतात.

गुरुपादप्पांनी त्या पिशवीची विक्री दुपटीने वाढवली. गिऱ्हाइकाला खुराक देताना ते अजूनही सांगतात की मटण टांगल्याशिवाय खाऊ नका, आणि मग स्वतःच कानाला हात लावतात.

सुदर्शनची जीप तीच आहे. पारापाशी आता तो थांबत नाही, पुढे घराजवळ थांबतो.

शिल्पाकडे चाळीस शेळ्या झाल्या. लोक ओट्यावर बोकड आणतात तेव्हा कस्तुराबाई आत बसूनच म्हणते, "तिला दाखवा." शिल्पा अंगठ्याने ओठ दाबते, एकदाच बघते आणि सांगते. लोक मान हलवतात.

आणि कस्तुराबाई. तिचे उरलेले चार दातही गेले. ती भाकरी ताकात कुस्करून खाते. भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा गेल्या दिवाळीत घर सारवताना शिल्पा पुसायला निघाली होती. म्हातारीने हातातला बोळा काढून घेतला.

"राहू दे ते," ती म्हणाली.

तेवढंच म्हणाली.